पहिला ताप कोण पाहतो?

(कोविड महामारीने सार्वजनिक आरोग्याला दिलेले धडे या विषयावर हिंगोली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महामारीचे एक वैशिष्ट्य असे की, ती असते तेव्हा तिच्यावाचून दुसरा विषय नसतो आणि ती सरली की तिचा विषय कोणालाच नको असतो. ३० जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ मुळे आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली, ११ मार्चला या रोगाला जागतिक महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी ती आणीबाणी संपल्याचे सांगितले. या सव्वातीन वर्षांत ज्या घरांतून माणसे गेली ती घरे सोडली, तर समाज आता ते सारे विसरू लागला आहे. विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि दुःखाच्या बाबतीत ते वरदानही आहे. परंतु दुःख विसरले तरी धडा विसरून चालत नाही. कारण पुढची साथ येणार की नाही, हा प्रश्न जगातल्या कोणत्याही जाणकाराच्या मनात नाही. ती केव्हा येणार आणि तेव्हा आपण कुठे उभे असणार, एवढाच प्रश्न आहे.

या व्याख्यानात मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. रुग्णालय रोग्याला वाचवते. साथ अडवते ते गाव. खाटा, प्राणवायू, औषधे यांची आवश्यकता आहेच. पण ती लढाई साथ पसरल्यानंतरची आहे. साथ पसरू नये यासाठीची लढाई त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या वाडीत, एखाद्या तांड्यावर, पहिल्या दोन-चार तापांच्या वेळीच लढावी लागते. तो पहिला ताप कोण पाहतो, कोणाला सांगतो आणि ऐकणारा काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

इतिहासाची साक्ष

आपल्या महाराष्ट्राला साथी नव्या नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तेथून पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात रँडच्या अधिपत्याखाली गोरे सैनिक घरांत घुसू लागले. स्वयंपाकघर, देवघर काही सुटले नाही. स्त्रियांची मानखंडना झाली, घरातील चीजवस्तू जाळल्या गेल्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी जे केले त्याकडे आपण क्रांतीच्या दृष्टीने पाहतो, ते योग्यच आहे. परंतु त्या कालखंडाकडे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही एकदा पाहायला हवे. रोग शोधण्यासाठी सैनिक दारात आला, तेव्हा लोकांनी काय केले? त्यांनी आपले रुग्ण लपवले. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याला कोणी आपला ताप दाखवत नाही. सक्तीने रोग शोधायला निघालेल्या सत्तेने रोगाला लपायला जागाच मिळवून दिली.

त्याच काळात दुसरे चित्रही दिसते. लोकमान्य टिळकांनी पुणे सोडले नाही. प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता स्वतःच प्लेगला बळी पडल्या. तो दिवस होता १० मार्च १८९७. पुढे १९०२ मध्ये नागपुरात प्लेगने डॉ. हेडगेवारांचे आई आणि वडील हिरावून नेले. तेव्हा केशव अवघा तेरा वर्षांचा होता. आपल्या कार्याच्या मुळाशी असलेल्या घराने साथीचा हा घाव सोसलेला आहे, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

प्लेगनंतर सोळा वर्षांनी, जून १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला. आगगाडीने तो देशाच्या अंतर्भागात नेला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लाटेने हाहाकार उडवला. भारतातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतात आणि पावणेदोन कोटींच्याही पुढे जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे पुन्हा घडले नाही. पहिली लाट सौम्य होती म्हणून दुसरीही तशीच असेल, हे गृहीत धरणे किती महाग पडते, ते १९१८ ने सांगून ठेवले होते. १०३ वर्षांनी, २०२१ च्या वसंतात, तोच धडा आपल्याला पुन्हा गिरवावा लागला.

हिंगोलीने काय पाहिले

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार आणि त्यातील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहणारे. कोविड आला तेव्हा येथे वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. आरंभीच्या काळात घशाचे नमुने तपासणीसाठी जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत आणि अहवालाची वाट पाहावी लागे. महानगरांसाठी आखलेल्या योजना अशा जिल्ह्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

एप्रिल २०२० मध्ये मालेगाव आणि मुंबई येथे बंदोबस्तासाठी गेलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान हिंगोलीला परतले. त्यांना वेगळे ठेवून त्यांची तपासणी झाली, तेव्हा एकामागून एक जवान बाधित आढळू लागले. मेच्या प्रारंभी जिल्ह्यातील बाधितांमध्ये बहुसंख्य हे जवानच होते. आकडा फुगलेला पाहून अनेकांना धडकी भरली. पण नीट विचार केला तर तो आकडा भीतीचा नव्हता, तो दक्षतेचा होता. कोण कुठून आले हे ठाऊक होते, त्यांना समाजात मिसळण्यापूर्वी थांबवले गेले आणि पाहिले म्हणूनच रोग दिसला. न पाहिलेला रोग नसतो असे नाही, तो फक्त मोजला जात नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोला भागात रुग्ण वाढू लागले. आपल्या सेनगाव तालुक्याला लागून असलेल्या रिसोड तालुक्यात देगाव येथील निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी एकाच वेळी बाधित आढळले. मुले निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली होती. १ ते ७ मार्च २०२१ या काळात हिंगोली जिल्ह्यात संचारबंदी लावावी लागली. त्यानंतरचे एप्रिल आणि मे हे दोन महिने येथे बसलेल्यांपैकी कोणालाही आठवून द्यावे लागणार नाहीत. कळमनुरीचे सुपुत्र, खासदार राजीव सातव यांचे १६ मे २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी पुण्यात निधन झाले. कोविडनंतरच्या गुंतागुंतीतून ते बाहेर येऊ शकले नाहीत. पक्ष, विचार, पद यांची कोणतीही सीमा या रोगाने मानली नाही.

तिसरी गोष्ट सांगताना खेद होतो, तरी ती सांगितलीच पाहिजे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होत होती. दुसरी भारत बायोटेकने पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहकार्याने विकसित केली होती. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने १०० कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ नोव्हेंबर रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लसीकरणात मागे पडलेल्या चाळीसहून अधिक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची बैठक घेतली. निम्म्या लोकांपर्यंत पहिली मात्राही न पोचलेल्या त्या यादीत महाराष्ट्रातील सहा जिल्हे होते आणि त्यांत हिंगोली होता. लस देशात होती, महाराष्ट्रात तयार होत होती, विनामूल्य मिळत होती. तरीही आपल्या निम्म्या माणसांनी दंड पुढे केला नव्हता. हा दोष लसीचा नव्हता आणि केवळ प्रशासनाचाही म्हणता येणार नाही. हा प्रश्न समाजाचा आहे, म्हणून तो आपला आहे.

या अनुभवांतून निघणारे चार धडे मी आता मांडतो.

पहिला धडा : नोंद

साथीचे गणित साधे असते. समजा, एखाद्या रोगाचे रुग्ण दर चार दिवसांनी दुप्पट होत आहेत. आठ दिवसांनी लक्षात आले तर एकाचे चार झालेले असतात. चार आठवड्यांनी लक्षात आले तर एकाचे १२८ झालेले असतात. चार रुग्णांना आरोग्य सेविका आणि दोन शेजारी सांभाळू शकतात. १२८ रुग्णांना तालुक्याचे रुग्णालय पुरत नाही. हा फरक केवळ वेळेवर झालेल्या नोंदीचा आहे.

मराठवाड्याला याचे उदाहरण घरातच मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील अनेक गावे धास्तावून घराबाहेर राहू लागली. ओस घरांत धान्य पडून राहिले, उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ काखेत-जांघेत गाठी येऊन ताप येणारे रुग्ण दिसले. तो प्लेग होता. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसांच्या प्लेगची साथ उसळली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. मेलेल्या उंदराने माणसाच्या आधी निरोप आणला होता. तो वाचणारी यंत्रणा मात्र तेव्हा सक्षम नव्हती. पुढे २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे अशाच अनुभवांची शिकवण होती.

याउलट उदाहरण केरळचे. मे २०१८ मध्ये कोझिकोड जिल्ह्यात एकाच घरातील दुसरा रुग्ण त्याच लक्षणांनी रुग्णालयात आला, तेव्हा डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी नमुने पाठवले. निपाह विषाणूचे निदान झाले आणि साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. अत्यंत घातक असा तो रोग आहे. पण शंका घेणारा एक डॉक्टर आणि ती शंका ऐकणारे प्रशासन यांनी तो रोखून धरला.

मृत्यूच्या नोंदीचेही तसेच आहे. देशात २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख, २०२० मध्ये सुमारे ८१ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली. २०२१ चा आकडा २०२५ मध्ये सर्वांसमोर आला, म्हणजे चार वर्षांनी. शिवाय नोंदलेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशापेक्षाही कमी मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. माणूस कशाने गेला हेच कळले नाही, तर पुढचा कसा वाचवणार? कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वारसा किंवा विमा यांचे काम निघाले की मगच आपण ग्रामपंचायतीत जातो. मृत्यूची नोंद हे गेलेल्याने मागे राहिलेल्यांसाठी केलेले शेवटचे साहाय्य आहे, अशी भावना रुजली पाहिजे.

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर घडलेल्या घटनेचे अतिसूक्ष्म स्पंदन तेथे टिपले जाणार आहे. ज्या मातीत विश्वाचे स्पंदन ऐकण्याची सिद्धता होत आहे, त्या मातीत शेजारच्या वाडीतला ताप आठ-आठ दिवस कोणाला कळू नये, हे आपल्याला शोभणारे नाही.

दुसरा धडा : विश्वास

लस का मागे पडली? अफवा होत्या. लस घेतल्याने ताप येतो, म्हणजे रोगच होतो, अशी समजूत होती. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी बुडवून केंद्रावर जाणे हातावर पोट असणाऱ्याला परवडत नव्हते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणारी कुटुंबे गावात नसतात. पहिली मात्रा येथे आणि दुसरी कुठे, हा प्रश्न होता. या प्रत्येक अडचणीला उत्तर होते. ते उत्तर म्हणजे भाषणे वा फलक नव्हेत. ओळखीचा माणूस दारात उभा राहून बोलणे, हेच ते उत्तर. त्याच नोव्हेंबरमध्ये घरोघरी जाऊन लस देण्याची मोहीम देशभर हाती घेण्यात आली, ती यासाठीच.

येथे आशा सेविकांचे स्मरण केले पाहिजे. देशभरातील सुमारे दहा लाख आशा सेविकांचा जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये गौरव केला. गावातलीच सून, गावातलीच मुलगी. हातात एक वही आणि तापमापक घेऊन ती उन्हातान्हात फिरली. अनेक ठिकाणी तिच्या तोंडावर दार लावले गेले, ही महाराष्ट्राला लाज आणणारी बाब आहे. डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये केंद्राला साथरोग कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. एका बाजूला टाळ्या आणि थाळ्या, दुसऱ्या बाजूला दगड, अशी समाजाची दोन रूपे त्या वर्षी दिसली. कोणते रूप आपले, हे प्रत्येकाने ठरवायचे आहे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. साथीच्या काळात एखाद्या वस्तीकडे, एखाद्या समाजाकडे, एखाद्या घराकडे बोट दाखवले, की ते घर दार लावून घेते. माणसे आत कोंडली जातात. रोग मात्र बाहेर पडतो. १८९७ च्या पुण्याने हे शिकवले आहे. म्हणून तांडा असो, वस्ती असो, मोहल्ला असो, रुग्ण लपवण्याची वेळ कोणावरही येणार नाही असे वातावरण ठेवणे हे समाजसंघटनेचे काम आहे. समरसता हा केवळ सणासुदीला उच्चारण्याचा शब्द नाही. साथीच्या दिवसांत तिची खरी परीक्षा होते.

आणि श्रद्धेचे काय? आपल्या वारकऱ्यांनी २०२० मध्ये जे केले ते साऱ्या जगाने अभ्यासावे असे आहे. शतकानुशतकांची पायी वारी त्या वर्षी थांबली आणि संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एसटीने पंढरपूरला गेल्या. विठ्ठलभक्ती तसूभरही कमी झाली नाही. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, नरसीचे नामदेव महाराजांचे स्थान, सारीच देवालये महिनोन् महिने दर्शनासाठी बंद राहिली. भाविकांनी घरीच हात जोडले. श्रद्धा आणि शास्त्र यांचे वैर नाही, हे सामान्य वारकऱ्याने आचरणातून दाखवून दिले. त्याच विवेकाने आपण हेही सांगितले पाहिजे की, वसमतची हळद जगात मोलाची आहे, हळदीचे दूध घशाला आराम देते, परंतु ते लसीची जागा घेऊ शकत नाही. आपल्या परंपरेचा सन्मान तिच्या नावावर नसलेले दावे खपवल्याने वाढत नाही.

तिसरा धडा : शांततेच्या काळातील सिद्धता

आग लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरीही प्राणवायूच्या बाबतीत देशाच्या मोठ्या भागात तेच झाले. त्या अंधारात एक दिवा नंदुरबारचा होता. आदिवासीबहुल, साधनांनी तोकड्या असलेल्या त्या जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, २०२० च्या सप्टेंबरपासून, प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभारायला घेतले. रुग्ण कमी होत असताना खर्च कशाला, असे म्हणणे तेव्हा सोपे होते. दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे सिलिंडरसाठी धावत असताना नंदुरबार स्वतःच्या प्राणवायूवर उभा होता.

देशाबाहेर पाहिले तर दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. २०१५ मध्ये तेथे मर्स या रोगाचे १८६ रुग्ण आढळले, ३८ जण दगावले. आकडा लहान वाटतो. पण त्या देशाने तो अपमान मानला. कायदे बदलले, चाचण्यांना आपत्काळात झटपट मान्यता देण्याची व्यवस्था केली. पाच वर्षांनी कोविड आला, तेव्हा चाचण्या करण्यात तो देश जगाच्या पुढे होता. त्यांनी धडा विसरू दिला नाही, एवढेच त्यांचे रहस्य.

आपल्या जिल्ह्यातही एक मोठी उणीव भरून निघत आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे महाविद्यालय आहे. ही आनंदाची बाब आहे. मात्र महाविद्यालय झाले म्हणजे साथीची चिंता मिटली, असे समजू नये. त्याचा खरा लाभ तेव्हा होईल, जेव्हा तेथे शिकणारा विद्यार्थी कळमनुरीच्या डोंगराळ भागातील उपकेंद्राची वही वाचायला शिकेल.

चौथा धडा : माणूस, जनावर आणि पाणी

जानेवारी २०२१ मध्ये, कोविडच्या धामधुमीत, शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. २००६ मध्ये नवापूरने तोच अनुभव घेतला होता. २०२२ मध्ये लम्पी रोग महाराष्ट्रातील गोठ्यांत पसरला आणि शेतकऱ्याचे काळीज हलले. मानवाला होणाऱ्या नव्या रोगांपैकी बहुतेकांचे मूळ प्राण्यांत असते. म्हणून माणसाचा डॉक्टर, जनावराचा डॉक्टर आणि पाणीपुरवठ्याचा कर्मचारी यांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. शेतकऱ्याला हे नवीन नाही. गोठा, विहीर आणि घर यांचे आरोग्य एकच असते, हे त्याची आजी त्याला सांगत आली आहे.

आपण काय करावे?

२०२० आणि २०२१ मध्ये स्वयंसेवकांनी केलेल्या सेवेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. शिधावाटप, रक्तदान, दाट वस्त्यांतील घरोघर तपासणी, विलगीकरण केंद्रांची व्यवस्था आणि ज्यांचे कोणी उरले नव्हते त्यांचे अंत्यसंस्कार, हे सारे निरपेक्ष भावनेने झाले. त्या सेवेला वंदन करून मी पुढचे मागणे मागतो. संकटात धावून जाणे हा आपला स्वभाव झाला आहे. आता संकट नसताना जागे राहणे हा आपला अभ्यास व्हावा. या कामाची छायाचित्रे छापून येत नाहीत. यात हारतुरे नाहीत. म्हणूनच ते आपण करायचे आहे. पाच साध्या गोष्टी सुचवतो.

एक, प्रत्येक गावात आणि वस्तीत एका कार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा आशा सेविकेशी बोलावे. नेहमीपेक्षा अधिक ताप, जुलाब, अनपेक्षित मृत्यू, मेलेली जनावरे किंवा पक्षी यांपैकी काही दिसले, तर ते तिच्या आणि आरोग्य सेविकेच्या कानावर त्याच दिवशी घालावे. समांतर यंत्रणा उभारू नये, निदान करू नये, औषध देऊ नये. पाहावे आणि सांगावे. रुग्णाचे नाव चावडीवर जाऊ देऊ नये.

दोन, गावातील प्रत्येक मृत्यूची नोंद मुदतीत व्हावी आणि शक्य तेथे डॉक्टरांकडून कारण लिहून घ्यावे, यासाठी दुःखातील कुटुंबाला साहाय्य करावे. त्या घरात कागदपत्रांसाठी धावायला कोणी नसते, आपण जावे.

तीन, ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला कामाला जाणाऱ्या कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीकडे असावी, त्यांच्या मुलांच्या लसींची कार्डे सोबत जावीत आणि ती परतली की त्यांची आस्थेने विचारपूस व्हावी. २०२० च्या मे महिन्यात शेकडो मैल चालत आलेल्या माणसाला काही गावांनी वेशीवर अडवले. पुढच्या वेळी वेशीवर काठी घेऊन कोणी उभे राहू नये. शाळेत स्वच्छ खोली, पाणी आणि दोन वेळचे जेवण तयार असावे.

चार, पहिल्या पावसाआधी विहिरी आणि टाक्या यांची पाहणी व्हावी. पाण्यात टीसीएल पावडर नियमित पडते का, ग्रामपंचायतीला पाण्याच्या गुणवत्तेचे हिरवे कार्ड आहे की लाल, हे ग्रामसभेत विचारावे. आपल्या भागात गॅस्ट्रोची साथ कोणत्याही परदेशी विमानाची वाट पाहत नाही. ती फुटलेल्या नळातून येते.

पाच, अफवेला उत्तर देणारी विश्वासाची माणसे प्रत्येक समाजात आधीच हेरून ठेवावीत. कीर्तनकार, शिक्षक, मौलवी, तांड्याचा नाईक, महिला बचत गटाची अध्यक्षा, गावातला जुना डॉक्टर यांना सोबत घ्यावे. साथ आल्यावर ओळख करून घेण्यास वेळ नसतो. ज्याच्याशी सुखात बोललो नाही, तो संकटात आपले ऐकत नाही.

बंधू-भगिनींनो, २० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने महामारीविषयक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. पुढच्या साथीत लस आणि औषधे देशोदेशी न्यायाने पोचावीत, असा त्याचा हेतू आहे. २०२१ च्या आरंभी श्रीमंत देश मात्रांचे साठे करत असताना भारताने शेजारी आणि मित्र देशांना लस पाठवली होती, म्हणून अशा करारात बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आहे. परंतु जिनिव्हातील करार कयाधूच्या काठावरील ताप मोजू शकत नाही. दिल्ली आणि मुंबईही तो पाहू शकत नाहीत. त्यांना दिसते ते आपण कळवलेले.

पहिला ताप शेजारी पाहतो. पलीकडच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, हे शेजाऱ्यालाच कळते. देशातील सर्वांत जुनी आणि सर्वांत विश्वासू आरोग्ययंत्रणा तीच आहे. ती जागी ठेवणे, तिला योग्य ठिकाणी बोलायला शिकवणे आणि तिच्या बोलण्यावर सर्वांचा विश्वास बसेल असे वागणे, एवढे आपण केले तर पुढची साथ हिंगोलीत येईलही. पण तिला येथे अनोळखी राहता येणार नाही.